गोळी, जेल की मलम? पाळी जातानाच्या हार्मोन उपचारात निवड कशी करायची

"पिशवी आहे का काढलीय?" हार्मोनची चिठ्ठी घेऊन कुणी बाई आमच्या औषधाच्या दुकानात आली की गर्भाशयाच्या पिशवीबद्दलचा हाच माझा पहिला प्रश्न असतो. कोल्हापुरात राजारामपुरीत काउंटरमागे उभी राहून मला २६ वर्षं झाली. बाया अजूनही ही चिठ्ठी चार घड्या घालून पुढे सरकवतात. शेजारी एखादा पुरुष उभा असेल तर "मागाहून येतो" म्हणून परत फिरतात. मी त्यांना आत बोलावते, फ्रीजजवळच्या स्टुलावर बसवते आणि मग विचारते. प्रश्न आगाऊ वाटतो, पण एचआरटीतली, म्हणजे या हार्मोन उपचारातली, अर्धी निवड त्याच्या उत्तरावर ठरते.

औषध सुरू करायचं की नाही हे तुमच्या स्त्रीरोगतज्ज्ञांनी ठरवायचं. ती जागा माझी नाही. पण डॉक्टरांच्या खोलीत मिळणारी दहा मिनिटं "तुम्हीच काय ते बघा" म्हणण्यात जाऊ नयेत असं मला मनापासून वाटतं. मी स्वतः ४९व्या वर्षी या वाटेनं गेले आहे. त्यामुळे इथे लिहिलेलं काही काउंटरवर शिकलेलं आहे आणि काही अंगावर सोसलेलं.

पहिल्यांदा पंधरा दिवसांची वही

सलग बारा महिने पाळी आली नाही की रजोनिवृत्ती झाली असं म्हणतात. आपल्याकडे ते वय सरासरी ४६-४७ आहे, पाश्चात्त्य देशांत ५१ च्या आसपास. त्रास मात्र त्याआधीच तीन-चार वर्षं सुरू होऊ शकतो. पाळी मागेपुढे होते, रात्री घामानं उशी भिजते, कारण नसताना रडू येतं. कागलच्या एक मावशी म्हणाल्या होत्या, "ताई, अंगात भट्टी पेटल्यागत हुतंय आणि दुसऱ्या मिनिटाला थंडी वाजतीया." वाफा येणं याहून नेमकं मला सांगता येणार नाही. एस्ट्रोजेन कमी झालं की मेंदूतलं शरीराचं तापमान सांभाळणारं केंद्र नको तितकं हळवं होतं. जराशी ऊब वाढली तरी ते घाम सोडायचा हुकूम देतं.

एका छोट्या वहीत पंधरा दिवस रोज लिहा: वाफा किती वेळा आल्या, रात्री किती वेळा उठलात, त्याआधी काय खाल्लं होतं, कुठे होता. आपल्याकडे हे फार कामाला येतं. तांबड्या रश्श्यानंतर, कटाच्या मिसळीनंतर, सकाळच्या दुसऱ्या कडक चहानंतर किंवा एप्रिलच्या दुपारी भाकऱ्या थापताना वाफा उसळतात हे वहीत आपोआप दिसतं. काहींना तेवढं सांभाळूनच पुरतं. पण रात्रीची झोप मोडत असेल, कामावर लक्ष लागत नसेल, तर "वय झालं, सोसायचं" म्हणत बसू नका. मला एका डॉक्टरांनी नेमकं हेच सांगून पाच मिनिटांत परत पाठवलं होतं. त्यात माझं एक वर्ष फुकट गेलं. अमेरिकेतल्या एका दीर्घ पाहणीत या वाफा सरासरी सात वर्षांहून जास्त टिकल्याचं दिसलं. सात वर्षं अर्धवट झोपेत काढणं ही लहान गोष्ट नाही.

थायरॉइड आणि रक्तक्षय यांचीही लक्षणं अशीच दिसतात, म्हणून टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) आणि हिमोग्लोबिन एकदा बघून घ्या. ४५ च्या पुढे असाल आणि लक्षणं स्पष्ट असतील तर एफएसएच या पाळीच्या हार्मोनच्या महागड्या रक्ततपासणीची सहसा गरज नसते. चाळिशीच्या आत पाळी थांबली असेल तर मात्र ती हवीच.

पिशवीचा प्रश्न

एचआरटीत मुख्य हार्मोन एस्ट्रोजेन. वाफा, झोप, कोरडेपणा, हाडं, सगळं काम त्याचंच. पण एकटं एस्ट्रोजेन गर्भाशयाचं अस्तर वाढवत राहतं, आणि वाढलेल्या अस्तरातून कर्करोग होऊ शकतो. १९७५ साली अमेरिकेतल्या दोन अभ्यासांनी हे दाखवलं आणि तेव्हापासून नियम पक्का झाला: पिशवी असेल तर एस्ट्रोजेनच्या जोडीला प्रोजेस्टेरॉन हवंच. पिशवी काढली असेल तर बहुतेकींना एकटं एस्ट्रोजेन पुरतं.

म्हणून ऑपरेशनचं डिस्चार्ज कार्ड शोधा. ते ट्रंकेत, देव्हाऱ्याखालच्या कप्प्यात, कुठेतरी असतंच. त्यावर नुसतं 'टीएएच' लिहिलं असेल तर पिशवी काढली पण अंडाशय ठेवले आहेत. पुढे 'बीएसओ' असेल तर दोन्ही अंडाशयही गेले. या दोन्हींत फार फरक आहे. अंडाशय काढल्यावर एस्ट्रोजेन एका दिवसात बंद होतं, त्यामुळे त्रास अचानक आणि जोरात येतो. अंडाशय ठेवले असतील तर पाळी नसल्यामुळे रजोनिवृत्ती कधी आली ते कळतच नाही, लक्षणांवरूनच ओळखावं लागतं, आणि ती थोडी लवकरही येऊ शकते.

इथे मला थोडं थांबून बोलायचं आहे. दरवर्षी गळीत हंगामात बीडकडून ऊसतोड टोळ्या आपल्या जिल्ह्यात येतात. त्या बायकांच्या पिशव्या तरुणपणीच काढल्या जात असल्याचा प्रश्न २०१९ साली विधिमंडळापर्यंत गेला आणि चौकशी समिती नेमावी लागली. त्यातल्या कुणाचे तिशीतच अंडाशयही काढले असतील, तर तिच्या शरीराला पंधरा-वीस वर्षं आधीच एस्ट्रोजेन मिळेनासं होतं. हाडं झिजतात, हृदयाचा धोका वाढतो. अशा बाईला, कर्करोगासारखं मोठं कारण आड येत नसेल तर, नेहमीच्या रजोनिवृत्तीच्या वयापर्यंत हार्मोन देणं ही उपचाराची साधी रीत आहे. ही चैन नव्हे. तुमच्या ओळखीत, शेतावर, शेजारी अशी कुणी असेल तर तिला हे सांगा. ऑपरेशन करताना तिला हे कुणी सांगितलेलं नसतं.

२००२ ची भीती

"हार्मोननं कॅन्सर होतो" हे वाक्य आठवड्यातून एकदा तरी कानावर येतं. त्याचं मूळ २००२ च्या जुलैमध्ये आहे. अमेरिकेतल्या 'विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह' या अभ्यासाचा १६ हजारांहून जास्त बायकांवरचा भाग मुदतीआधी थांबवला गेला. दोन्ही हार्मोन घेणाऱ्यांत दर वर्षी दर १०,००० बायकांमागे स्तनाच्या कर्करोगाचे ८, पक्षाघाताचे ८ आणि हृदयविकाराचे ७ रुग्ण जास्त निघाले. फुप्फुसात गुठळी जाण्याचेही ८ जास्त. खुब्याची हाडं मोडण्याचे मात्र ५ कमी.

आकडे खरे आहेत. पण त्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं, आणि औषध तोंडावाटे घ्यायचं जुन्या पद्धतीचं होतं. याच अभ्यासात पिशवी नसलेल्या आणि एकटं एस्ट्रोजेन घेणाऱ्या बायकांत स्तनाचा कर्करोग वाढला नाही, पुढच्या वर्षांत तो कमीच दिसला. आज जगभरातल्या तज्ज्ञ संघटना साधारण असं सांगतात: वय ६० च्या आत असेल किंवा पाळी जाऊन १० वर्षं झाली नसतील, आणि मोठा आजार नसेल, तर त्रास असलेल्या बाईला फायदा धोक्याहून जास्त असतो. नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकानं पाकिटावरचे जुने ठळक इशारे काढायचं जाहीर केलं. एकट्या एस्ट्रोजेनमुळे गर्भाशयाला होणाऱ्या कर्करोगाचा इशारा मात्र ठेवला.

स्तनाच्या कर्करोगाच्या धोक्याबद्दल २०१९ साली आलेल्या मोठ्या अभ्यासाचे आकडे डॉक्टरांशी बोलताना ध्यानात ठेवा. पन्नाशीत सुरू करून पाच वर्षं रोज दोन्ही हार्मोन घेणाऱ्या ५० बायकांमागे पुढच्या वीस वर्षांत एक रुग्ण जास्त होतो. एकटं एस्ट्रोजेन घेणाऱ्यांत २०० मागे एक. हे आकडे पाश्चात्त्य देशांतले आहेत. आपल्याकडे हा आजार मुळात त्यांच्यापेक्षा कमी आढळतो.

एस्ट्रोजेन शरीरात कुठल्या वाटेनं जातं

माझ्या मते कोणतं औषध यापेक्षा कोणती वाट हा प्रश्न मोठा आहे. तोच आपल्याकडे कुणी विचारत नाही.

गोळी सगळ्यात सोपी आणि सहज मिळणारी. एस्ट्राडिऑल व्हॅलरेट १ किंवा २ मि.ग्रॅ., नाहीतर 'प्रेमारिन' नावानं ओळखलं जाणारं संयुग्मित एस्ट्रोजेन. हे दुसरं औषध १९४२ पासून अमेरिकेत विकलं जातं आणि गाभण घोडीच्या लघवीतून काढतात. शाकाहारी किंवा जैन घरातल्या बायांना हे मी आधी सांगते, कारण नंतर कळलं की त्यांना फार वाईट वाटतं. एस्ट्राडिऑल मात्र बहुधा वनस्पतीपासून बनवतात. गोळीची अडचण अशी की ती आधी यकृतातून जाते. तिथे रक्त गोठवणारी द्रव्यं वाढतात, म्हणून गुठळीचा आणि थोडा पक्षाघाताचा धोका वाढतो. पित्ताशयात खडे होण्याची शक्यताही वाढते. आणखी एक बारीक गोष्ट: थायरॉइडची गोळी घेत असाल तर एस्ट्रोजेनच्या गोळीनं तिचा डोस कमी पडू लागतो. सुरू केल्यावर दीड-दोन महिन्यांनी टीएसएच पुन्हा तपासा.

जेल कातडीतून थेट रक्तात जातं, यकृताला वळसा घालून. नेहमीच्या डोसमध्ये गुठळीचा धोका वाढलेला दिसत नाही. वजन जास्त असेल, बीपी असेल, अर्धशिशी असेल, घरात कुणाला गुठळी झाली असेल, तर "मला जेल चालेल का?" हा प्रश्न विचाराच. लावायची पद्धत महत्त्वाची आहे. अंघोळीनंतर कोरड्या कातडीवर, दंडाच्या बाहेरच्या बाजूला किंवा मांडीवर पातळ पसरायचं, चोळायचं नाही, वाळू द्यायचं, हात साबणानं धुवायचे. छातीवर कधीही लावायचं नाही. नातवंडं कडेवर घेत असाल तर दंडापेक्षा मांडी बरी. निदान तासभर त्या जागेला मुलांचा स्पर्श होऊ देऊ नका आणि पाणी लावू नका. मी रात्री झोपताना मांडीला लावत होते, साडीखाली झाकून जातं.

पॅचही याच वाटेचा. ओटीपोटावर किंवा कुल्ल्यावर चिकटवायचा, प्रकाराप्रमाणे आठवड्यातून एकदा किंवा दोनदा बदलायचा. फायदे जेलसारखेच, पण आपल्याकडे तो नेहमी मिळतोच असं नाही आणि घामानं सुटतो. मागवायचा असेल तर दोन महिन्यांचा साठा आधी हातात येऊ द्या.

तिसरी वाट योनिमार्गाची. एस्ट्रिऑलचं मलम किंवा एस्ट्राडिऑलची बारीक गोळी आत ठेवायची. सुरुवातीला दोन-तीन आठवडे रोज, मग आठवड्यातून दोनदा. कोरडेपणा, संबंधाच्या वेळची आग, लघवीची जळजळ, सारखं होणारं लघवीचं इन्फेक्शन यांवर याच्याइतकं चांगलं औषध मी पाहिलेलं नाही. रक्तात इतकं कमी जातं की पिशवी असली तरी जोडीला प्रोजेस्टेरॉन लागत नाही. वाफांवर मात्र उपयोग नाही. वारंवार लघवीच्या इन्फेक्शनसाठी अँटिबायोटिक नेणाऱ्या पंचावन्न-साठीच्या बाया पाहिल्या की मला कळवळून येतं. त्यातल्या कितीतरी जणींना या मलमानं बरं वाटलं असतं. स्तनाचा कर्करोग होऊन गेला असेल तर हेही कर्करोगतज्ज्ञांना विचारूनच.

जोडीचं औषध

पिशवी असलेल्या बाईला रोज रात्री मायक्रोनाइज्ड (अगदी बारीक कणांचं) प्रोजेस्टेरॉन १०० मि.ग्रॅ. देतात, किंवा महिन्यातले १२ ते १४ दिवस २०० मि.ग्रॅ. पाळी अजून मागेपुढे येत असेल तर ही दुसरी रीत, त्यात दर महिन्याला ठरल्यावेळी अंगावर जातं. पाळी जाऊन वर्ष झालं असेल तर रोजची रीत. या गोळीनं गुंगी येते, म्हणून ती रात्रीच घ्यायची. झोप उडालेल्या बाईला तीच गुंगी वरदान ठरते.

एक गोंधळ हमखास होतो. प्रोजेस्टेरॉन किंवा डायड्रोजेस्टेरॉन हीच औषधं गरोदरपणातही देतात. सुनेला दिलेली गोळी सासूच्या चिठ्ठीवर दिसली की घरात हलकल्लोळ होतो. शाहूपुरीतल्या एक वैनी चिठ्ठी घेऊन रागानं परत आल्या होत्या, "मला काय दिवस गेलेत का?" औषध तेच, काम वेगळं: इथे ते अस्तर पातळ ठेवतं.

स्तनाच्या बाबतीत मायक्रोनाइज्ड प्रोजेस्टेरॉन आणि डायड्रोजेस्टेरॉन हे जुन्या कृत्रिम प्रकारांपेक्षा सौम्य असावेत असं फ्रान्समधल्या मोठ्या पाहणीतून दिसलं. निवड असेल तर मी तिकडेच झुकेन. ज्यांना पाळी जाताना फार रक्तस्राव होतो त्यांच्यासाठी हार्मोनची तांबी हा सुंदर मार्ग आहे: ५२ मि.ग्रॅ. लेव्होनॉरजेस्ट्रेलची, पाच वर्षं चालणारी. रक्तस्रावही आटोक्यात येतो आणि अस्तरही राखलं जातं. "पिशवी काढून टाकूया" असं कुणी म्हणालं तर आधी या तांबीबद्दल विचारा.

टिबोलोन २.५ मि.ग्रॅ. ही एकच गोळी एस्ट्रोजेन, प्रोजेस्टेरॉन आणि पुरुषी हार्मोन अशा तिन्ही प्रकारचं काम करते, इच्छा कमी झाली असेल तर तिचा जास्त उपयोग होतो. पाळी जाऊन वर्ष झाल्यावरच घ्यायची. साठीनंतर पक्षाघाताचा धोका वाढतो, आणि स्तनाचा कर्करोग झालेल्यांना ती चालत नाही.

आणि नवरात्रात अंबाबाईच्या दर्शनासाठी पाळी पुढे ढकलायची जी गोळी नेतात, ती नॉरएथिस्टेरॉन. ती म्हणजे एचआरटी नव्हे. सत्तेचाळिसाव्या वर्षी अनियमित रक्तस्राव दाबायला ती मनानं घेऊ नका. रक्तस्रावाचं खरं कारण झाकलं जातं, आणि ज्यांना गुठळीचा धोका आहे त्यांना ती बाधते.

सुरू करण्याआधी

डॉक्टरांनी विचारलं नाही तरी आपणहून सांगायच्या गोष्टी: स्तनाचा किंवा गर्भाशयाचा कर्करोग, तुम्हाला आणि आई-मावशी-बहिणीला, पायात किंवा फुप्फुसात गुठळी, हृदयविकार, पक्षाघात, काविळीचा मोठा आजार, कारण न कळलेला रक्तस्राव, फिटची औषधं, कारण त्यांतली काही हार्मोनचा असर कमी करतात. यांतल्या काही गोष्टी असतील तर एचआरटी देतच नाहीत. बीपी, वजन, साखर, चरबी, मॅमोग्राफी (स्तनांचा एक्स-रे), गर्भाशयाच्या तोंडाची पॅप तपासणी आणि आतून केलेली सोनोग्राफी एवढं करून घ्या. खासगीत परवडत नसेल तर कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयाच्या स्त्रीरोग विभागात चौकशी करा. सकाळी लवकर जा, जुनी कागदं बरोबर न्या.

एचआरटीनं गर्भधारणा टळत नाही. पन्नाशीच्या आत शेवटच्या पाळीनंतर दोन वर्षं आणि पन्नाशीनंतर एक वर्ष काळजी घ्यावी लागते. सहसा कुणी हे सांगत नाही, म्हणून इथे लिहिते.

पहिले तीन महिने

वाफा दोन ते चार आठवड्यांत कमी होऊ लागतात, पूर्ण फरक कळायला तीन महिने लागतात. याच काळात दुष्परिणामही जास्त जाणवतात आणि बाया औषध फेकून देतात. छाती जड होणं, पोट फुगणं, मळमळ, डोकं दुखणं, पायात गोळे येणं हे बहुधा एस्ट्रोजेनचं. डोस कमी केला, गोळी जेवणाबरोबर घेतली किंवा जेलवर गेलं की बहुतेकदा थांबतं. चिडचिड, उदासपणा, अंग सुस्त होणं हे बहुधा जोडीच्या हार्मोनचं, तिथे प्रकार बदलून बघतात. म्हणून "मला त्रास होतोय" एवढंच सांगू नका. कधी होतो, कोणत्या गोळीच्या दिवसांत होतो ते वहीतून दाखवा. मला पहिल्या महिन्यात छाती इतकी दुखायची की एसटीत धक्का लागला तरी डोळ्यांत पाणी यायचं. डोस अर्धा केला, दहा दिवसांत थांबलं.

अधूनमधून डाग पडणं रोजच्या रीतीत पहिले तीन ते सहा महिने चालतं. त्यानंतरही सुरू राहिलं, किंवा बंद झालेलं पुन्हा सुरू झालं, तर सोनोग्राफी आणि गरज पडल्यास अस्तराचा तुकडा तपासायलाच हवा. वजन वाढतं म्हणून पुष्कळ जणी घाबरतात. या वयात वजन औषधाशिवायही वाढतं, एचआरटीमुळे ते जास्त वाढल्याचं अभ्यासांत दिसलेलं नाही.

एका पायाची पोटरी सुजून दुखली, छातीत कळ आली, दम लागला, अचानक भयंकर डोकं दुखलं, दिसेनासं झालं, बोलणं अडखळलं किंवा डोळे पिवळे झाले, तर औषध थांबवा आणि त्याच घटकेला हॉस्पिटल गाठा. सकाळची वाट बघू नका. मोठं ऑपरेशन ठरलं असेल तर सर्जनला एचआरटीबद्दल आधी सांगा. गोळीवर असाल आणि महालक्ष्मी एक्स्प्रेसनं रात्रभर मुंबईला निघाला असाल तर मधूनमधून उठून डब्यात फिरा.

हार्मोन चालत नसतील तर

स्तनाचा कर्करोग होऊन गेलेल्या बाईलाही वाफांवर इलाज आहे. नैराश्यावरची व्हेनलाफॅक्सिनसारखी औषधं कमी डोसमध्ये किंवा रात्रीच्या घामासाठी गॅबापेंटिन देतात. टॅमॉक्सिफेन ही स्तनाच्या कर्करोगावरची गोळी सुरू असेल तर पॅरॉक्सेटिन मात्र टाळतात, ते त्याचा असर कमी करतं. २०२३ साली अमेरिकेत फेझोलिनेटंट हे हार्मोन नसलेलं नवं औषध मंजूर झालं, त्यात यकृताच्या तपासण्या कराव्या लागतात. सोयाबीन खाण्यात वावगं काही नाही, फायदा मात्र थोडा. कातडीखाली हार्मोनच्या गोळ्या पेरून "नैसर्गिक" म्हणून विकतात त्यापासून लांब राहा, त्यांचा डोस ताब्यात राहत नाही.

किती दिवस, आणि थांबायचं कसं

पहिली भेट तीन महिन्यांनी, मग वर्षातून एकदा: बीपी, स्तन तपासणी, ठरल्याप्रमाणे मॅमोग्राफी, आणि "अजून गरज आहे का?" हा प्रश्न. पाचव्या वर्षी बंदच करा असा कायदा नाही. वय, धोका आणि त्रास तिन्ही मांडून दरवर्षी नव्यानं ठरवायचं. थांबवताना डोस हळूहळू उतरवतात. एकदम बंद केलं तरी अपाय होत नाही, पण वाफा परत उसळल्या की माणूस घाबरतं. हिवाळ्यात उतरवायला घेतलेलं सोपं जातं. मी गेल्या मार्गशीर्षात जेल बाटलीचा पंप दोनदा दाबण्यावरून एकदावर आणलं, माघात एक दिवसाआड केलं. चैत्रात चार-पाच रात्री वाफा आल्या, मग ओसरल्या. योनिमार्गाचं मलम मात्र मी सुरूच ठेवलं आहे. ते वर्षानुवर्षं वापरता येतं, आणि सोडलं की कोरडेपणा परत येतो.